सेंटर सर्कलमधली ओटी

बास्केटबॉलच्या टीममध्ये बारा जणी असतात. पाच खेळतात आणि सात पाणी पितात. मी कॉलेजात दीड वर्ष पाणी प्यायले. त्यानंतर सगळा जन्म मात्र घरात, बाजारात, लग्नाकार्यांत मी सांगत आले की मी पाचांतली होते. नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, मुलाला सांगितलं, शेवटी नातीला सांगितलं. नवरा बिचारा गेला तोही तेच धरून गेला.

तेव्हाची ती मुलगी आज मला रस्त्यात भेटली असती, तर मी तिला ओळख दिली नसती. दोन वेण्या, वर लाल रिबिनी, सलवारवर जर्सी, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळं वर्धा शहर आपल्यालाच बघायला उठलं आहे. बॉल अंगावर आला की ही डोळे मिटायची. पास द्यायला गेली की बॉल चुन्याच्या रेषेबाहेरच्या चिंचेखाली जायचा आणि तो आणायलाही हीच जायची, म्हणून तिला वाटायचं की आपण सगळ्यांत जास्त पळतो. संध्याकाळी घरी येऊन आरशासमोर उभी राहून म्हणायची, "माझ्याशिवाय या टीमचं कसं होईल!" आरसा बोलत नाही म्हणून निभावलं.

दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न ठरलं. नालवाडीकडची माणसं, भाजीची वाडी, दोन विहिरी. मला कोणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. मला दुःख झालं ते लग्नाचं नाही, टीमचं. युनिव्हर्सिटीच्या मॅचेस महिन्यावर आल्या होत्या. मी गेले की ह्या पोरी रडून रडून आंधळ्या होतील, सर राजीनामा देतील, असं मला खात्रीनं वाटत होतं. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम जास्तीचे दोन रुमाल घेऊन ग्राउंडवर गेले. एक माझ्यासाठी, एक ज्यांना कमी पडेल त्यांच्यासाठी.

पोरी रडल्या नाहीत. त्यांनी मला मधल्या गोलात उभं केलं, जिथे मॅच सुरू करताना बॉल वर उडवतात तिथे, आणि माझी ओटी भरली. कॅप्टननं घरून नारळ आणला होता. मूठभर गहू होते. ब्लाऊजपीस कोणाला सुचला नाही, म्हणून गुडघ्याला बांधायची जुनी पट्टी टाकली. ती मी घरी येऊन पाहिली, तर घामानं कडक झालेली. ओटी भरली ती माझ्या नंबरची जर्सी जिला मिळणार होती तिनं. ती भरताना हसत होती, आणि बाकीच्याही हसत होत्या. माझे दोन्ही रुमाल मलाच लागले.

मॅच आली माझ्या हळदीच्या दिवशी. टीममधली एकही आली नाही. मी पाटावर बसले होते, नखशिखांत पिवळी, आणि बायका गाणी म्हणत होत्या, आणि मी मनात देवाचा धावा करत होते की देवा, हरू दे. साधं नको, मोठ्या फरकानं हरू दे. मला वाटतं नवरीनं हळदीत मागितलेलं देव ऐकतो असं म्हणतात ते खोटं आहे. जेवणं सुरू झाली तेव्हा माझा मावसभाऊ भाताचा घास तोंडात असतानाच म्हणाला, "अवं, तुमची टीम जिंकली ना वं. तू नव्हती तरी."

मी पाटावर हमसून हमसून रडले. साऱ्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "पोरीचा जीव लय हाये माहेरात."

ती टीम त्याआधी कितीतरी वर्षं कोणाशी जिंकली नव्हती. पोरींनी त्यातून सरळ अर्थ काढला. ओटी भरली म्हणून जिंकलो. माझं जाणं हा शकुन ठरला आणि त्याची रीत पडली. लग्न होऊन जाणारी असो, बापाची बदली झालेली असो, दुसऱ्या कॉलेजात जाणारी असो, टीम सोडून जाणाऱ्या पोरीची ओटी मधल्या गोलात भरायची. भरायची ती तिच्या नंबरवर येणारीनं. आणि एकदा ओटी भरली की त्या पोरीनं त्या सीझनमध्ये त्या कोर्टावर पाय ठेवायचा नाही. ठेवला तर टीम हरते. मुरुमाच्या ग्राउंडवर सिमेंट आलं, गव्हाच्या जागी तांदूळ आले, पट्टीच्या जागी खरा ब्लाऊजपीस आला, आणि पहिली ओटी कोणाची हे सगळे विसरले. मी नातीला सांगितलं होतं की ही रीत माझ्या सन्मानार्थ सुरू झाली. शब्दाला शब्द लावून पाहिला तर त्यात काही खोटं नाही.

नात त्याच कॉलेजात गेली. उंचीनं माझ्यावरच गेली आहे, म्हणजे फार गेलेली नाही. पण खेळायची माझ्यापेक्षा पुष्कळ बरी. पाचांत नव्हती, सहावी होती. कोणी दमली, कोणाचा पाय मुरगळला की सर हिला आत ढकलायचे. मी रोज संध्याकाळी बाजारातून उरलेली भाजी घरी पाठवून दिली की ग्राउंडवर जाऊन पायऱ्यांवर बसायची. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. बसायला कोणी सांगितलं नव्हतं, ते मी आपल्या मनानं करायची.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजानं आमच्या पाचांतल्या तिघी उचलल्या. तिथल्या सरांचे फोन आले. हॉस्टेल फुकट, बूट फुकट, सकाळी अंडी. त्या तिघींनी एका दिवसात हो म्हटलं. आमच्या घरी फोन आला नाही. त्या दिवशी नात अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती आणि रडत होती. तिनं बांधलेल्या जुड्या दुसऱ्या दिवशी बाजारात सुटून पडल्या. गिऱ्हाइकं म्हणाली, आजी, हात थरथराले लागले काय आता? मी म्हटलं, हो बाई.

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. पाचांतल्या तीन जागा रिकाम्या झाल्या होत्या आणि ही सहावी होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण आमच्या रक्तात गप्प बसणं नाही.

जुलैत प्रॅक्टिस सुरू झाली, तेव्हा मी पायरीवर होते आणि पोरी खाली बुटाच्या लेस बांधत बसल्या होत्या. नवी कॅप्टन झालेली मुलगी मोठ्या आवाजाची. ती आमच्या पोरीला म्हणाली, "काय वं, तुले नाई आला नागपूरचा फोन?"

"आलता," नात म्हणाली.

"कधी?"

"परवा. इचार करून सांगतो म्हटलं मी."

"अवं माय! हॉस्टेल फुकट भेटून राह्यलं आन् ही इचार करून राह्यली!"

"मंग जातं का नाई?" दुसरीनं विचारलं.

आता हिच्याकडे दोन शब्द होते, हो आणि नाही. त्यातला एक बरा होता. ही म्हणाली, "जाईन बहुतेक."

मी पायरीवर बसून हा सगळा प्रकार ऐकला. त्या क्षणी मला तिच्या डोक्यावर लाल रिबिनी दिसल्या म्हटलं तरी चालेल. तीच ती. फक्त हिला पाच-दहा बास्केट जास्त येत होते.

सरांपर्यंत ते पोचायला एक संध्याकाळ लागली. सर म्हणजे पोट सुटलेला, गळ्यात शिटी, माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. बाजारात आमच्याच दुकानी येऊन दहा वांगी दाबून पाहायची आणि पाव किलो घ्यायची ही त्याची जुनी खोड. त्यानं शिटी वाजवून नातीला बोलावलं.

"तू नागपूरले चालली म्हनते?"

"हो सर."

"बरं. जाय. कोनाचं भलं होत असन त आपन अडवू नये."

तिला वाटलं होतं तो म्हणेल, नको जाऊस, तुझ्याशिवाय कसं होईल. त्यानं पोट खाजवलं आणि तो पुढच्या पोरीकडे वळला.

त्याच आठवड्यात बाहेरच्या चार पोरी आल्या. त्यातली एक पुलगावची. बाप लष्कराच्या डेपोत नोकरीला, घरात हिंदी, आणि उंची अशी की ती उभी राहिली की आमच्या पोरीला तिच्या कोपराशी बोलावं लागायचं. सरांनी त्या चौघींना रांगेत उभं केलं आणि जर्सीचे नंबर सांगितले. पुलगाववालीला नातीचा नंबर दिला.

शनिवारी संध्याकाळी ओट्या भरायच्या ठरल्या. तीन खऱ्या आणि एक खोटी.

नागपूरला जाणाऱ्या तिघी नटून आल्या होत्या. एकीनं तर साडी नेसली होती, बुटांवर. आमची पोरगी आपली जर्सी घालून आली. मी तिच्याबरोबर स्कूटीवर मागे बसून आले होते आणि सबंध वाट तिच्या पाठीला सांगत होते, "अजूनबी सांगून टाक." तिनं स्कूटीचा वेग वाढवला.

तिघींच्या ओट्या भरून झाल्या. मग कॅप्टन ओरडली, "चल वं, तुही पाळी!"

ती गोलात जाऊन उभी राहिली. पुलगाववालीच्या हातात ताट दिलं. तिला ही रीत माहीत नव्हती. ती म्हणाली, "ये चावल कहाँ डालने का?"

"तिच्या जर्सीत टाक, जर्सीत. ओंजळीनं."

"फिर ये वापस क्या करेगी इसका?"

"भात करन न वं घरी. टाक तू."

पोरी हसायला लागल्या. आमच्या पोरीनं जर्सीचा घोळ समोर धरला होता. अजूनही वेळ होता. नुसतं म्हणायचं होतं, थांबा, मी कुठंच चालली नाई. मी पायरीवरून उठून ओरडले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी उठले नाही. मला पाहायचं होतं ती काय करते. म्हातारपणी बघायला काही फार उरत नाही.

पुलगाववालीनं इतक्या उंचावरून तांदूळ सोडले की अर्धे सिमेंटवर सांडले. मग तिनं नारळ उचलला आणि पास द्यावा तसा दोन्ही हातांनी छातीसमोरून ढकलला. आमच्या पोरीनं तो बरोब्बर झेलला. मागच्या सबंध सीझनमध्ये तिनं इतका सुंदर बॉल झेलला नव्हता. सरसुद्धा म्हणाले, "वा!"

मग जर्सी. आत तिनं टीशर्ट घातला होता. तिथेच जर्सी काढून द्यायची असते. पुलगाववालीनं ती नाकाशी नेली आणि विचारलं, "धुला हुआ नहीं है क्या?"

घरी आल्यावर सुनेनं विचारलं नारळ कुठला. मी म्हटलं, ग्राउंडवर पूजा होती. त्याची चटणी झाली. नातीनं दोनदा घेतली.

सोमवारी ती माझ्या खाटेपाशी येऊन बसली. "आजी, तू सरले जाऊन सांग न. तुयं ऐकते थो."

"माझं कोन ऐकते? थो त वांगे दाबून जाते."

"सांग न वं. मी खोटी बोलली म्हन. मले टीम नाई सोडाची."

तिनं ते इतक्या सरळ सांगितलं की मला पुढची टोमण्याची तयारी बाजूला ठेवावी लागली. तिला ना नागपूर हवं होतं ना बूट. तिला त्या बाराजणींत राहायचं होतं, एवढंच. सातांत बसवलं असतं तरी ती बसली असती. मी दोन किलो चांगली वांगी पिशवीत घातली आणि कॉलेजात गेले.

सर त्यांच्या खोलीत बॉलमध्ये हवा भरत बसले होते. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सर, पोट्टी खोटी बोलली. तिले नागपूरचा फोनगिन काई नाई आला. तिले परत घ्या."

सरांनी पंप थांबवला नाही. "मले मालूम हाये काकू."

"काय मालूम हाये?"

"फोन नाई आला म्हनून. नागपूरवाल्यानं आधी मलेच विचारलं होतं, तुमच्याकडल्या चांगल्या कोनत्या. तिघीइची नावं मीच देल्ली. अडवून कोनी थांबते काय? मंग नाव तरी आपलं राह्यते."

"आन् आमच्या पोट्टीचं नाव काऊन नाई देल्लं?"

"चांगली असती त देल्लं असतं न काकू."

मी वांग्यांची पिशवी टेबलावर थोडी माझ्याकडे ओढली.

सर बॉल जमिनीवर आपटून पाहत म्हणाले, "पाहा, मले चार पोट्ट्या भेटल्या आन् जागा होत्या तीन. कोनाले काढलं की तिचा बाप येते भांडाले. तुमच्या नातीनं सोताहून जागा देल्ली. मी काऊन नाई म्हनू? आन् आता त ओटीबी भरून झाली. ते परत कोर्टावर आली त बाकीच्या पोट्ट्या खेळनार नाईत. त्याइचा इश्वास हाये त्याच्यावर."

"तुमचा हाये?"

"मी कायले ठेवू? पन कामाची गोष्ट हाये." मग त्यांनी पिशवीत हात घातला, एक वांगं काढलं आणि दाबलं.

घरी येऊन मी नातीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, चांगली असती त देल्लं असतं हासुद्धा. लोक म्हणतात पोरांना जपून सांगावं. मला जपून कोणी काही सांगितलं नाही, आणि मी त्यातून शिकलेही काही नाही, त्यामुळे कोणती पद्धत बरी ते मला कळलेलं नाही. ती ऐकत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी तिला माझ्या ओटीचंही सांगितलं. सन्मानार्थ नव्हती म्हटलं. मी गेली आन् टीम जिंकली, म्हनून ते रीत.

तिनं विचारलं, "म्हंजे तू पाचांत नव्हती?"

"नाई."

"साऱ्या गावाले खोटं सांगत आली?"

"हो. पन माझ्या खोट्यानं माझी जागा नाई गेली. तू हुशार निंगाली."

ती उठून गेली. तिसऱ्या दिवशी तिनं कॉलेजातून दाखला काढला आणि सेलूच्या कॉलेजात नाव घातलं.

सेलू! आजवर जन्म गेला, सेलूच्या पोरी एसटीनं वर्ध्याला शिकायला येताना पाहिल्या. वर्ध्याहून सेलूला जाणारी ही पहिलीच. मुलगा-सून बाजाराच्या धबडग्यात होती. मुलगा एवढंच म्हणाला, "येता येता तिकडून भेंडी सस्ती भेटली त पाहजो."

सेलूच्या कॉलेजात टीम होती असं म्हणायचं, कारण बॉल होता. पोरी सहा. आमची सातवी. खेळ शिकवणाऱ्या मॅडम मुळात इतिहास शिकवायच्या, आणि मॅचच्या नियमांचं पुस्तक हातात धरून उभ्या राहायच्या. सहांतली एक दर शनिवारी उपास असल्यानं पळत नव्हती. एक अशी होती की बॉल तिच्याकडे आला की आधी "माय वं!" म्हणायची आणि मग पकडायची. एकीला घरातली सगळी धुणीभांडी आटपून यायचं असे, ती यायची तेव्हा बाकीच्या निघालेल्या असायच्या. पण आमच्या पोरीला त्यांनी हातावर झेललं. वर्ध्याची पोरगी, टीममधून आलेली! नागपूरवाल्यांचं बोलावणं सोडून आमच्याकडे आली, असं मॅडमनी सगळ्या कॉलेजाला सांगितलं. हिनं ते खोडलं नाही. खोडणंही आमच्या रक्तात नाही.

त्या पोरी तिला डबा द्यायच्या. ती उशिरा आली तर बॉल तिच्यासाठी ठेवायच्या. कोणती कुठे उभी राहील हे तीच सांगायची. घरी येऊन सांगायची, "आजी, त्याइले पळत येऊन बास्केट टाकाचा साधा लेअप नाई येत वं." आणि हसायची. त्या हसण्यात प्रेम होतं असं मला कोणी सांगितलं तर मी त्याला आमच्याकडची शिळी कोथिंबीर ताजी म्हणून विकेन.

मॅचेस आल्या. पहिलीच मॅच सेलूची आणि वर्ध्याची, आणि तीही वर्ध्याच्या त्याच ग्राउंडवर. मी माझ्या पायरीवर जाऊन बसले. यंदा कोणाच्या बाजूनं बसायचं ते ठरवून आले होते, पण जागा जुनीच होती.

सेलूची टीम कोर्टावर उतरली आणि वर्ध्याच्या पोरींत एकदम कुजबूज झाली. कॅप्टन पुढे आली. "तू काऊन आली वं इथं? तुही ओटी भरली न?"

"मी तुमच्या टीमकडून कुठी आली?"

"पाय त ठेवला न कोर्टावर! सर, पाहा न, ही अपशकुन कराले आली!"

सरांनी हात हलवला. पण पोरींचे चेहरे उतरले होते. पुलगाववालीनं गळ्यातला ताईत जर्सीच्या आत टाकला. मी पायरीवर पुढे सरकून बसले. खरं सांगते, माझ्या म्हाताऱ्या काळजानं उडी घेतली. हळदीत मागितलेलं मला कधी मिळालं नव्हतं. म्हटलं, आता तरी. ह्या रीतीनं माझी एवढी थट्टा केली, आज एक दिवस ती खरी होऊ दे. हरू दे ह्या पोट्ट्यांना. मोठ्या फरकानं.

पहिला बास्केट आमच्या पोरीनं केला. पोरी पांढऱ्या पडल्या. कॅप्टनच्या हातून बॉल सुटला. पाच मिनिटं तरी असं वाटलं की काहीतरी होणार.

मग पुलगाववालीनं हात वर केला, आणि त्यानंतर आम्हाला बॉल दिसलाच नाही. रिंगखाली ती नुसती उभी राहायची. आमच्या पोरी तिच्याभोवती कुंडीभोवती कोंबड्या फिराव्यात तशा फिरायच्या. उपासवाली त्या दिवशी शनिवार नसूनही पळत नव्हती. "माय वं" म्हणणारीनं तेवढ्यात तीन वेळा माय काढली. हाफ टाइमला सेलूचे सात गुण होते आणि वर्ध्याचे मोजायचं मी सोडलं होतं. अपशकुन करायचीही आमच्या पोरीची ऐपत निघाली नाही.

दुसऱ्या हाफात सरांनी पाचही जणी बाहेर काढल्या आणि पाणी पिणाऱ्या सात जणींना आळीपाळीनं खेळवलं. त्याही बास्केट करायला लागल्या. बाहेर बसलेल्या पाच टाळ्या वाजवत ओरडत होत्या, "सेलू, चहा पिऊन या!" आमची पोरगी एकटी पळत होती. चार फाउल झाले होते तिचे, गुडघा फुटला होता. इतिहासाच्या मॅडम पुस्तक मिटून म्हणाल्या, "बस गं थोडी." ती म्हणाली, "कोनाले पाठवता मॅडम?" मॅडमनी मागे वळून पाहिलं. बाकावर दोघी होत्या. एकीचा पाय सुजला होता आणि दुसरी उशिरा आलेली, अजून बूट शोधत होती. तिला काढायला तिथे कोणी नव्हतंच. ती शेवटच्या शिटीपर्यंत खेळली.

मॅच संपल्यावर सर पायऱ्यांकडे आले. घाम पुसत माझ्याशेजारी बसले, जसे काही आम्ही एकाच लग्नातले वऱ्हाडी.

"पोट्टी सुधरली काकू," ते म्हणाले.

"हरून सुधरली काय?"

"एकटी पळाले शिकली. इथं सहावी होती तवा पळत नव्हती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुलगाववाली पुढच्या वर्षी नागपूरले चालली. तिचा फोन खरा हाये. जागा होईन. नातीले सांगजा, पाह्यजे असन त ये म्हना. हा सीझन संपला की ओटीचं काई राहत नाई."

"आन् सेलूचं काय?"

"सेलूचं काय असते?" सर म्हणाले आणि उठले.

मी तिला ते ग्राउंडच्या नळाशी सांगितलं. ती गुडघा धूत होती. मला वाटलं ती विचार करेल, निदान नळ बंद करेपर्यंत. तिनं पाणी चालू ठेवूनच म्हटलं, "सांग त्याइले, मी येतो."

"त्या सहा जनीइचं काय?"

"त्याइचं ते पाहतीन न आजी. माझं कोनं पाह्यलं?"

ते बरोबर होतं. मी वाकून नळ बंद केला.

मग सेलूच्या पोरींना एसटीत बसवायला आम्ही स्टँडवर गेलो. त्या सगळ्या दणकून हरलेल्या आणि खूश. आयुष्यात पहिल्यांदा वर्ध्याच्या कोर्टावर खेळल्या होत्या. "माय वं"वालीनं आमच्या पोरीला स्वतःच्या ओढणीनं गुडघा बांधून दिला. उपासवालीनं डब्यातली शेवटची पुरी तिच्या हातात कोंबली. गाडी लागली तशा त्या चढल्या आणि खिडकीतून डोकी बाहेर काढून बोलायला लागल्या.

"उद्या लवकर येजो वं! मॅडम म्हनते पुढच्या वर्षी तुलेच कॅप्टन करू!"

"माझी धाकटी बहीन येते पुढच्या वर्षी कॉलेजात. तिले तू शिकवजो!"

"आठ होऊ न मंग आपन!"

"हो," नात म्हणाली, "शिकवीन न." तिनं हात हलवला, छान हसली, आणि पुरी खाल्ली.

गाडी निघाली. उशिरा येणारी होती ना, ती अजूनही मागच्या खिडकीतून ओरडून काहीतरी सांगत होती, ते काही ऐकू आलं नाही. नात माझ्याकडे वळली. गुडघ्याची ओढणी सोडत म्हणाली, "सर पक्कं म्हनले न वं? का उगाच म्हनले?"

"पक्कं म्हनले," मी म्हटलं. "पन पुढच्या वर्षी तुह्यापेक्षा उंच कोनी भेटली त?"

तिनं ओढणीची घडी केली आणि ती माझ्या पिशवीत टाकली. "मंग पाहू," ती म्हणाली, आणि ऑटोवाल्याशी नालवाडीच्या भाड्यासाठी भांडायला पुढे झाली.